काय बांधायचं, हे ठरवणाऱ्यांत बसायचं असेल तर

समजा, एका बँकेला आपल्या दहा लाख खातेदारांना व्यवहाराचे एसएमएस मराठीतून पाठवायचे आहेत. इंग्रजी मजकूर एका एसएमएसमध्ये १६० अक्षरांपर्यंत मावतो, कारण त्या लिपीतल्या एका अक्षराला सात बिट पुरतात. देवनागरी आली की मजकूर युनिकोडमध्ये जातो, एका चिन्हाला सोळा बिट लागतात आणि मर्यादा ७० वर येते. काना, मात्रा, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘खात्यातून’ हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा दिसतो, यंत्र त्यात नऊ चिन्हं मोजतं. मजकूर ७०च्या पुढे गेला की त्याचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हंच बसतात आणि बिल तुकड्यांवर लागतं. म्हणजे १६० चिन्हांचा एक मराठी निरोप तीन एसएमएसच्या भावात पडतो.

कॉम्प्युटर सायन्स शिकलेल्या कुणालाही इथपर्यंतचं उत्तर काढता येईल. पुढचे प्रश्न मात्र कुठल्याही पेपरात आलेले नसतात. तिप्पट पैसे मोजून मराठी पाठवायची का? सगळ्यांना, की ज्यांनी मराठी निवडली त्यांनाच? खातं उघडताना फॉर्म भरून देणाऱ्याने न विचारताच ‘इंग्रजी’वर खूण केली असेल, तर ती निवड खातेदाराची मानायची का? मजकूर ७० चिन्हांत बसवायचा झाला तर रक्कम, तारीख, शिल्लक यांतलं काय गाळायचं? आणि इंग्रजी एसएमएस न समजल्यामुळे जी माणसं पासबुक भरून घ्यायला शाखेत रांग लावतात, त्या रांगेचा खर्च कुणी मोजला आहे का?

या प्रश्नांची उत्तरं शोधायची, त्यातून निर्णय सुचवायचा, तो लिहून काढायचा, इंजिनिअर, डिझायनर, हिशेब आणि कायदा सांभाळणाऱ्यांना पटवायचा आणि तो अमलात आल्यावर खरंच फायदा झाला का ते तपासायचं. प्रॉडक्ट मॅनेजरचं काम ते हेच. तुम्ही इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असाल, बीसीए किंवा बीएस्सी करत असाल, किंवा नोकरीत दोन-तीन वर्षं काढून या कामाकडे बघत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. कोडिंगचा कंटाळा आला म्हणून प्रॉडक्टकडे वळणाऱ्यांना इथे सुख लागत नाही. तुमच्या हाताखाली कुणीही नसतं, तरी जे घडेल त्याचा जाब तुम्हाला विचारला जातो. इंजिनिअर त्यांच्या मॅनेजरचं ऐकतात, डिझायनर त्यांच्या, विक्रीवाले त्यांच्या; आणि तुम्हाला या सगळ्यांना एका दिशेने न्यायचं असतं, फक्त मुद्द्याच्या जोरावर. दिवसाचा मोठा भाग लिहिण्यात, ऐकण्यात आणि नाही म्हणण्यात जातो. संध्याकाळी ‘आज काय केलं’ याचं दाखवता येईल असं उत्तर बरेचदा नसतं. प्रोग्रॅम चालला की मिळणारं ते लगेचचं समाधान इथे महिनोन्महिने पुढे जातं. हे वाचूनही ‘लोकांना नेमकं काय अडतंय’ हा प्रश्न तुम्हाला सोडत नसेल, तर पुढे वाचा.

या भूमिकेचं मूळ साबणाच्या धंद्यात आहे. १९३१ साली अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकेलरॉय कॅमे साबणाच्या जाहिरातीचं काम बघत होते. कंपनीच्याच आयव्हरी साबणाच्या सावलीत कॅमे झाकोळला जात होता. त्यांनी तीन पानांचं टिपण लिहून मागणी केली की प्रत्येक ब्रँडची पूर्ण जबाबदारी घेणारा माणूस हवा. त्याने खपाचे आकडे स्वतः बघावेत आणि जिथे खप कमी आहे तिथे जाऊन कारण शोधावं. सॉफ्टवेअरमध्ये ही कल्पना १९८०च्या दशकात मायक्रोसॉफ्टमध्ये ‘प्रोग्रॅम मॅनेजर’ या नावाने रुजली. २००२ साली गूगलमध्ये मरिसा मेयर यांनी ‘असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजर’ उपक्रम सुरू केला. अनुभवी माणसं बाहेरून आणण्याऐवजी नुकतेच पदवीधर झालेले, तांत्रिक शिक्षण घेतलेले तरुण निवडायचे आणि त्यांना घडवायचं, असं त्याचं स्वरूप होतं. आज जाहिरातींत दिसणारं ‘एपीएम’ हे पद तिथून आलं. म्हणजे कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीवरून थेट प्रॉडक्टमध्ये जाण्याची वाट नवी नाही.

नावांचा गोंधळ मात्र खूप आहे. प्रोजेक्ट मॅनेजर ठरलेलं काम वेळेत आणि बजेटमध्ये पार पाडतो. प्रॉडक्ट ओनर हे स्क्रम पद्धतीतलं नाव. पुढच्या एक-दोन आठवड्यांत टीमने काय हातात घ्यावं, त्याचा क्रम तो लावतो. सर्व्हिस कंपन्यांमधला बिझनेस अ‍ॅनालिस्ट ग्राहकाची गरज लिहून घेतो. प्रॉडक्ट मॅनेजरच्या कामात या तिघांचाही थोडाथोडा भाग येतो, पण ‘हे मुळात करावं का’ हा प्रश्न त्याच्या वाट्याचा. जाहिरातीतल्या पदाचं नाव वाचून हुरळून जाऊ नका, खालचं कामाचं वर्णन वाचा.

आता पदवीचा उपयोग. एमबीए झालेल्या उमेदवारांपुढे आपण कमी पडू, अशी भीती मला अनेक मुलांच्या बोलण्यात जाणवते. माझं मत उलट आहे. यूपीआयचं उदाहरण घ्या. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेली ही व्यवस्था आज वडापावच्या गाडीपर्यंत पोचली आहे. एका पेमेंटमध्ये पैसे देणाऱ्याचं अ‍ॅप, त्याची बँक, ही व्यवस्था चालवणारी एनपीसीआय ही संस्था आणि घेणाऱ्याची बँक एवढ्यांचा संबंध येतो. देणाऱ्याच्या खात्यातून पैसे वजा झाले आणि घेणाऱ्याच्या बँकेचं उत्तर आलंच नाही, तर व्यवहार यशस्वी की अयशस्वी? डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स शिकलेला विद्यार्थी लगेच सांगेल, या क्षणी तिसरी अवस्था आहे: माहीत नाही. नेटवर्कवरून उत्तर न येण्याचा अर्थ काम झालं नाही असा होत नाही.

आता दुकानात उभ्या असलेल्या माणसाला स्क्रीनवर काय दाखवायचं? ‘अयशस्वी’ दाखवलं तर तो पुन्हा पैसे पाठवेल आणि दोनदा कापले जातील. ‘यशस्वी’ दाखवलं तर दुकानदार बुडण्याची शक्यता. ‘प्रलंबित’ दाखवलं तर दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे राहतील आणि मागची रांग खोळंबेल. इथे कायदाही माहीत हवा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार, एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पैसे जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत यायला हवेत. दुकानदाराला केलेल्या पेमेंटसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला द्यायची. ज्याला तिसरी अवस्था समजते आणि ज्याने हे परिपत्रक वाचलंय, तो स्क्रीनवर लिहू शकतो: ‘दुकानदाराच्या बँकेचं उत्तर आलेलं नाही. पैसे जमा झाले नाहीत तर अमुक तारखेपर्यंत तुमच्या खात्यात परत येतील. आत्ता पुन्हा पाठवू नका.’ हे वाक्य लिहायला तंत्र, नियम आणि माणसाची घाबरगुंडी, तिन्ही कळावं लागतं. पहिलं तुमच्याकडे आहे. दुसरं वाचून येतं. तिसऱ्यासाठी मात्र घराबाहेर पडावं लागतं.

पदवीतून आणखी काय हाती येतं? डेटाबेसचा विषय नीट केला असेल तर एसक्यूएल. प्रॉडक्टमध्ये हे रोजचं हत्यार आहे. कोणत्या पायरीवर किती लोक गळाले, पहिल्या आठवड्यात आलेले चौथ्या आठवड्यात किती उरले, हे दुसऱ्या कुणाकडे आकडे मागत न बसता तुम्हाला स्वतः काढता आलं पाहिजे. शिवाय कामाचा अंदाज. इंजिनिअर ‘याला दोन महिने लागतील’ म्हणाला की ते दोन महिने कुठे जाणार, हे तुम्ही समजून घेऊ शकता आणि ‘जुना डेटा आत्ता हलवायचा नाही असं ठरवलं तर किती?’ असं विचारू शकता. त्या एका प्रश्नाने दोन महिन्यांचे तीन आठवडे होऊ शकतात. पण सावध राहा. ‘हे तर सोपं आहे, मीच लिहून दाखवतो’ असं म्हणणारा प्रॉडक्ट मॅनेजर टीमला नकोसा होतो. कसं बांधायचं हा निर्णय त्यांचा, आणि तो त्यांच्याकडेच राहू द्यावा.

संख्याशास्त्राकडे आपल्याकडे पास होण्यापुरतं बघितलं जातं. इथे ते परत उघडा. समजा, एका पानावर १०० पैकी १० जण खरेदी करतात आणि बटणाची जागा बदलल्यावर ते ११ होतील अशी तुमची आशा आहे. जुनं आणि नवं पान दोन गटांना दाखवून हा फरक खात्रीने पकडायचा, तर नेहमीच्या निकषांनुसार प्रत्येक गटात सुमारे १५ हजार लोक लागतात. तुमच्या अ‍ॅपवर महिन्याला दोन हजारच लोक येत असतील तर ही चाचणी करण्यात अर्थ नाही. त्या वेळात दहा जणांशी बोलणं जास्त शिकवेल. मुलाखतीत ‘आम्ही ए-बी टेस्ट करू’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. ‘एवढ्या लोकांवर ती करता येणार नाही’ असं म्हणणारा उमेदवार लक्षात राहतो.

आता पदवीने न शिकवलेली आणि या लेखात मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. चार वर्षं तुम्हाला सुटणारे प्रश्न दिले गेले. प्रश्न दुसऱ्याने मांडला, तुम्ही सोडवला, गुण मिळाले. प्रॉडक्टमध्ये प्रश्न तुम्हाला शोधायचा असतो, आणि तो सोडवण्याच्या लायकीचा आहे हे पुराव्यानिशी दाखवायचं असतं. ही सवय वाचून लागत नाही. एकदा तरी खरी माणसं, खरी अडचण घेऊन हे करावं लागतं.

उदाहरणार्थ पुण्यातल्या सदाशिव पेठ, नारायण पेठ भागातल्या अभ्यासिका घ्या. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं महिन्याचे पैसे भरून तिथे खुर्ची-टेबल घेतात. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याच्या डोक्यात पहिली कल्पना येते सीट बुकिंग अ‍ॅपची. अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून ते छान दिसेलही. पण चार दिवस तिथे जाऊन बसा. जागा महिन्याभरासाठी ठरलेली असेल, तर रोज बुकिंग करायची गरजच कुणाला नाही. मालकाची वही बघायला मागा. तिथे कदाचित वेगळंच दिसेल: प्रत्येकाची पैसे भरायची तारीख वेगळी, कुणाचे किती बाकी ते लक्षात ठेवायचं, आणि समोरासमोर मागायला संकोच. मुलांशी बोललात तर दुसरंच निघेल: परीक्षा झाल्यावर महिनाभर गावी जायचंय, पण परत येईपर्यंत जागा जायला नको. हे तुमच्या कल्पनेतल्या अ‍ॅपमध्ये कुठेच नव्हतं.

मग पहिला उपाय काय? एक स्प्रेडशीट आणि तारखेच्या दोन दिवस आधी जाणारा व्हॉट्सअ‍ॅप निरोप. कोडची एक ओळही नाही. आधीच्या महिन्यात किती जणांनी वेळेवर पैसे भरले आणि नंतरच्या महिन्यात किती जणांनी, एवढं मोजा. फरक पडला नाही, तर का नाही ते शोधा. पडला, तर मालकाला विचारा की यासाठी तुम्ही महिन्याला किती द्याल. आणि ‘देईन’ या शब्दावर न थांबता पुढच्या महिन्याचे पैसे आजच मागून बघा. सगळं झाल्यावर दोन पानं लिहा. काय वाटलं होतं, काय दिसलं, काय केलं, आकडे काय सांगतात, काय करायचं नाही असं ठरवलं आणि का. ही दोन पानं तुमच्या बायोडेटात कुठल्याही ऑनलाइन सर्टिफिकेटपेक्षा जड ठरतील. अभ्यासिका नको असेल तर कॉलेजची मेस घ्या, गावातली दूध डेअरी घ्या, मामाचं हार्डवेअरचं दुकान घ्या. ज्यांच्याकडे तुम्ही पुन्हा पुन्हा जाऊ शकता, असे लोक निवडा.

लोकांशी बोलायची एक रीत आहे. ‘असं अ‍ॅप असलं तर वापराल का?’ असं विचारू नका. आपल्याकडे समोरच्याचं मन मोडायला कुणाला आवडत नाही. सगळे हो म्हणतात आणि कुणी वापरत नाही. ‘मागच्या वेळी हे झालं तेव्हा तुम्ही काय केलंत?’ असं विचारा. नंतर गप्प बसा. रॉब फिट्झपॅट्रिक यांचं ‘द मॉम टेस्ट’ हे छोटं पुस्तक या एकाच विषयावर आहे. एका रविवारात वाचून होतं, जरूर वाचा. माणसाने वापरलेले शब्द जसेच्या तसे उतरवा, त्यांचं इंग्रजी रिपोर्टातलं भाषांतर नंतर करता येईल.

इथे मराठी तुमच्या बाजूने उभी राहते. गाडीवर भजी तळणाऱ्याचे हात तेलाचे असतात, त्याला प्रत्येक पेमेंटला फोन बघता येत नाही, आणि खोटा स्क्रीनशॉट दाखवून निघून जाणारं गिऱ्हाईकही त्याने पाहिलेलं असतं. ‘इतके रुपये प्राप्त झाले’ असं मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स याच अडचणीवरचा उपाय आहे, आणि तो मराठीत बोलतो हे त्याच्या उपयोगाचं अर्धं कारण. ही अडचण एअरकंडिशन्ड ऑफिसात बसून कळणारी नव्हती. सांगली-जळगावच्या व्यापाऱ्याशी त्याच्या भाषेत तासभर बोलू शकणारा माणूस बंगळुरूच्या टीममध्ये दुर्मीळ असतो. ‘मी मराठी माध्यमातला’ हे मुलाखतीत दडवायचं कारण नाही. त्या तासाभराच्या बोलण्यातून तुम्हाला काय कळलं, ते सांगा.

इंग्रजीचं काय? लागतं, पण लिहिण्यापुरतं साधं आणि अचूक. या कामात कागद फार बोलतो. ‘रिक्वायरमेंट डॉक्युमेंट’ लिहिताना विचार खुशाल मराठीत करा, मग छोट्या इंग्रजी वाक्यांत उतरवा. अडचण कुणाची, किती जणांची, आज ते काय करतात, आपण काय बदलणार, काय बदलणार नाही, यश कशावरून ओळखणार. एवढं दोन पानांत आलं नाही, तर बहुतेक वेळा विचारच अजून पुरा झालेला नसतो.

आता या कामात शिरायची दारं. थेट एपीएमच्या जागा भारतात आहेत, पण त्या थोड्या आणि बऱ्याचशा मोजक्या संस्थांच्या कॅम्पसवर भरल्या जातात. अर्ज जरूर करा. त्याच एका आशेवर वर्ष घालवू नका.

माझा कौल दुसऱ्या वाटेला आहे. प्रॉडक्ट बनवणाऱ्या कंपनीत आधी इंजिनिअर म्हणून जा आणि दोन-तीन वर्षांनी आतल्या आत बदल मागा. अशा कंपन्यांसाठी दूर जायलाच हवं असं नाही. ब्राउझरस्टॅक मुंबईतून उभी राहिली, द्रुवाची सुरुवात पुण्यात झाली, क्विक हील पुण्याची, फर्स्टक्राय पुण्याची. नोकरी लागली की पहिल्या महिन्यापासून तीन गोष्टी सुरू करा. आठवड्यातून एक तास सपोर्टकडे आलेल्या तक्रारी वाचा, आणि त्यात पुन्हा पुन्हा येणारी एक तक्रार पुराव्यासह तुमच्या प्रॉडक्ट मॅनेजरपुढे ठेवा. ग्राहकांबरोबरच्या कॉलवर गप्प बसून ऐकायची परवानगी मागा. आणि कुणीही अंगावर घ्यायला तयार नसलेलं छोटं फीचर, एखादा रिपोर्ट, एखादी आतली सुविधा, तिचं लिखाण करायची जबाबदारी मागून घ्या. हे वर्षभर केलंत की बदलीच्या चर्चेत तुम्हाला स्वतःची शिफारस करावी लागत नाही. टीमने तुम्हाला ते काम करताना पाहिलेलं असतं. बाहेरच्या अनोळखी उमेदवारापेक्षा आतला ओळखीचा इंजिनिअर घेणं कंपनीलाही कमी जोखमीचं वाटतं.

सर्व्हिस कंपनीत असाल तर जिना थोडा लांब आहे. तिथे काय करायचं हे ग्राहकाने ठरवलेलं असतं, त्यामुळे ‘का’ हा प्रश्न तुमच्यापर्यंत पोचत नाही. पण बँकिंग, विमा, आरोग्य अशा एखाद्या क्षेत्रात तुमची तीन वर्षं गेली असतील तर ते ज्ञान मोलाचं आहे. विम्याचा दावा कोणत्या टेबलावर किती दिवस अडकतो हे माहीत असलेल्या माणसाची विमा-तंत्रज्ञानातल्या छोट्या कंपनीला गरज असते. अशा कंपनीत इम्प्लिमेंटेशन किंवा सोल्यूशन इंजिनिअर म्हणून शिरा. ग्राहकांसमोर बसणारी ही माणसं प्रॉडक्टकडे वळताना मी पाहिली आहेत.

एमबीए? चांगल्या संस्थेत मिळत असेल आणि धंद्याचं गणित, किंमत ठरवणं, माणसं सांभाळणं हे शिकायची खरी इच्छा असेल तर करा. नुसतं प्रॉडक्टचं पद मिळवायला दोन वर्षं घालवून लाखो रुपयांचं कर्ज काढू नका. अमेरिकेत एमएसला जाणाऱ्यांनी व्हिसाचं कॅलेंडर आधी बघावं: शिक्षणानंतर कामासाठी १२ महिने आणि कॉम्प्युटर सायन्ससारख्या विषयांना आणखी २४ महिने मिळतात, पण काम तुमच्या पदवीशी संबंधित आहे हे दाखवावं लागतं. म्हणून तिथे पहिली नोकरी इंजिनिअरची घेऊन मग वळणं सोपं जातं. कार्नेगी मेलन विद्यापीठात प्रॉडक्ट मॅनेजमेंटचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, तो तांत्रिक पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांपुढे ठेवून आखलेला आहे.

मुलाखतीत तीन प्रकारचे प्रश्न येतात. अंदाजाचे: पुण्यात रोज किती रिक्षाफेऱ्या होत असतील? इथे उत्तरापेक्षा तुम्ही लोकसंख्येपासून तिथपर्यंत कोणत्या पायऱ्यांनी गेलात ते बघतात. प्रत्येक गृहीतक मोठ्याने सांगा. वागणुकीचे: मतभेद झाला तेव्हा काय केलंत? आणि प्रॉडक्टचे, ज्यांची तयारी रोजच्या जगण्यातून होते. रेल्वेच्या यूटीएस अ‍ॅपवरून लोकलचं पेपरलेस तिकीट स्टेशनच्या आवारात उभं राहून काढता येत नसे. घाईत असलेला प्रवासी यावर चिडतो. पण ही अट काढली तर लोक तिकिटाशिवाय गाडीत चढतील आणि टीसी दिसला की तिकीट काढतील. प्रामाणिक प्रवाशाची गैरसोय आणि रेल्वेचं उत्पन्न यांच्यातला तोल कुणीतरी विचार करून ठरवला होता. तो आणखी कसा साधता येईल? रोज वापरात असलेल्या एका गोष्टीवर असा एक परिच्छेद लिहा: ही अट का असेल, ती कुणाला जाचते, काढली तर काय बिघडेल. एम-इंडिकेटर अ‍ॅपमधलं लोकलचं वेळापत्रक इंटरनेटशिवाय का उघडतं, तत्काळ तिकिटाला एसी आणि नॉन-एसीच्या वेळा १० आणि ११ अशा वेगळ्या का, गॅस बुकिंग अजून मिस्ड कॉलवर का होतं. सहा महिन्यांत तुमची नजर बदललेली असेल.

एआयची साधनं आल्यावर हा प्रश्न हल्ली हटकून येतो: कोड लिहून मिळत असेल तर प्रॉडक्ट मॅनेजरचं काय होणार? नमुना बनवणं स्वस्त झालंय, म्हणून तुमच्याकडून तो अपेक्षित असेल. कोडिंग सोडू नका. आणि मॉडेलवर चालणारं फीचर बरोबर आहे की नाही हे ठरवण्यासाठी आधी ‘बरोबर’ म्हणजे काय ते उदाहरणांनी लिहून ठेवावं लागतं. मराठी बोललेलं समजणारी सेवा असेल तर नागपूरचा, कोल्हापूरचा आणि मालवणचा माणूस एकच तक्रार कशी सांगेल, याचे शेकडो नमुने गोळा करून प्रत्येकाचं योग्य उत्तर ठरवणं, हे सरळसरळ प्रॉडक्टचं काम आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचीही ओळख करून घ्या. माहिती घेण्याआधीची संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय त्यात ग्राहकाला दिला आहे. मराठीतली अशी सूचना सामान्य माणसाला कळेल अशी लिहायला माणसं लागणार आहेत.

शेवटी, हातात ऑफर आली की सही करण्याआधी तुम्हीही प्रश्न विचारा. इथला प्रॉडक्ट मॅनेजर महिन्यातून किती ग्राहकांशी स्वतः बोलतो? गेल्या वर्षात कोणतं फीचर बंद केलंत आणि तो निर्णय कुणी घेतला? पुढच्या तिमाहीत काय करायचं ते कुठल्या खोलीत ठरतं, आणि त्या खोलीत प्रॉडक्टचा माणूस असतो का? मी कुणाच्या हाताखाली शिकेन, आणि त्यांना आठवड्याला माझ्यासाठी किती वेळ आहे? ग्राहकांशी फक्त विक्रीवाले बोलतात आणि कामांची यादी वरून येते असं उत्तर मिळालं, तर पद काहीही असो, तिथे तुम्ही इंजिनिअरांसाठी कामाची तिकिटं लिहिणारे व्हाल. अशा वेळी पगार थोडा कमी असला तरी चांगल्या प्रॉडक्ट टीममधली इंजिनिअरची जागा घ्या आणि रुजू होतानाच तिथल्या मॅनेजरला सांगून ठेवा की दीड-दोन वर्षांनी तुम्हाला प्रॉडक्टकडे वळायचं आहे.